टॉवर स्पीकरला चाके लावण्याच्या सल्ल्याचा प्रतिवाद

जमिनीवर उभ्या राहणाऱ्या टॉवर स्पीकरच्या तळाला फर्निचरची चार लहान चाके थेट स्क्रूने बसवावीत, म्हणजे केर-फरशीच्या वेळी तो एका हाताने सरकतो, बास सुधारतो आणि चाकांना ब्रेक असल्यामुळे घरातील लहान मुलांनाही धोका राहत नाही, असा संदेश सध्या नातेवाइकांच्या गटांतून फिरत आहे. माझ्या मामांनी तो वाचून सुताराला बोलावणेही धाडले, आणि त्यांची नात नुकतीच हाताला लागेल ते धरून उभी राहू लागली आहे.

ब्रेकचा मुद्दा यांतील सर्वांत बेजबाबदार आहे. ब्रेक चाकाचे फिरणे थांबवतो, पेटीचे कलंडणे नव्हे. किंबहुना मुलाने वरून ओढल्यावर मोकळे चाक निदान थोडे पुढे येते, अडवलेले चाक मात्र टेकू बनून पेटी उलटवायलाच मदत करते. ध्वनी व चित्र उपकरणांच्या सुरक्षिततेसाठीच्या आयईसी ६२३६८-१ या आंतरराष्ट्रीय मानकात, जे भारतीय मानक ब्युरोनेही स्वीकारले आहे, स्थैर्याच्या चाचण्यांपैकी एक १० अंश कलवण्याची आहे. आता १०० सेंटिमीटर उंच व २० सेंटिमीटर रुंद स्पीकर घ्या. गुरुत्वमध्य मधोमध धरला, तर तो बाजूला सुमारे ११ अंश कलेपर्यंत तग धरतो, म्हणजे मुळातच काठावर उत्तीर्ण. चाके दोन्ही कडांपासून ३ सेंटिमीटर आत बसली आणि उंची ५ सेंटिमीटरने वाढली, की हाच कोन सुमारे ७ अंशांवर येतो. फिरती चाके आतल्या बाजूला वळली, तर त्याहूनही खाली. अनेक उत्पादक अरुंद टॉवरला बाहेर पसरलेले पाय देतात ते काही शोभेसाठी नव्हे.

प्रत्येक चाक २५ किलो पेलते म्हणून चार चाके १०० किलो पेलतील, हा हिशेबही कच्चा आहे. शहाबादी फरशी कधीच पूर्ण सपाट नसते, भार पुष्कळदा तीनच चाकांवर येतो. शिवाय स्क्रू तळाच्या फळीतून आरपार गेला, तर पेटीतून हवा गळू लागते.

बासबद्दल नाइलाजाने थोडे मान्य करावे लागते. पेटी फरशीपासून वेगळी झाली, तर काही ठिकाणी, विशेषतः लाकडी जमिनीवर, कंपने कमी पोहोचतात. पण त्यासाठी मऊ रबरी आधार लागतो, खुळखुळणारी चाके नव्हेत. भिंतीपासून स्पीकर फूटभर पुढे घेतल्यावर बासमध्ये पडणारा फरक सहसा याहून मोठा असतो, आणि स्पीकर सहज हलवता यावा असे वाटण्याचे रास्त कारणही तेच आहे.

चाके हवीच असतील, तर जाड प्लायवूडची रुंद बैठक करावी, टोकदार पायांसाठी तळाला दिलेल्या आटे पाडलेल्या भोकांतूनच स्पीकर तिच्यावर बोल्टने आवळावा आणि चाके बैठकीच्या कोपऱ्यांत लावावीत. चाकांमधील अंतर ३० सेंटिमीटर ठेवले, तर उंची ७ सेंटिमीटरने वाढूनही कलण्याचा कोन १४ अंशांच्या वर राहतो. गुळगुळीत टाइल्सवर तर चाकांचीही गरज नाही. पायांखाली नमद्याच्या (फेल्टच्या) चकत्या लावून, अँप्लिफायर बंद करून, वायर सोडवून, स्पीकर तळाजवळून ढकलावा. फरशी पुसल्यावर मात्र ती वाळेपर्यंत थांबावे, कारण ओला नमदा चिकटतो आणि त्यात अडकलेली वाळू टाइल्सवर ओरखडे काढते.