तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, मेसेज काहीही सांगो

भाच्याच्या डिकीत परवा एक जाड टॉवेल आणि पाण्याच्या दोन बाटल्या दिसल्या. विचारलं तर म्हणाला, "मामा, इंजिन तापलं तर झाकण उघडायला. आईनेच मेसेज पाठवलाय." मग तो मेसेज वाचला: 'मेकॅनिक सांगत नाहीत ती चार गुपितं'. पोराला लायसन्स मिळून दोन महिने झालेत आणि त्याच्या हातात हे असलं ज्ञान! म्हणून लिहितोय.

पहिलं गुपित: 'काटा लाल रेषेवर गेला की गाडी थांबवा, टॉवेल धरून रेडिएटरचं झाकण उघडा, लगेच गार पाणी ओता.' यातलं 'गाडी थांबवा' एवढंच खरं. ते झाकण म्हणजे कुकरच्या शिटीसारखा व्हॉल्व्ह असतो. बहुतेक गाड्यांत तो आत साधारण एक बार (म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा) जादा दाब धरून ठेवतो, म्हणून आतलं पाणी १०० नाही, १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण फिरवलं की दाब एकदम जातो आणि ११० अंशांवरच्या पाण्यातलं काही त्याच क्षणी वाफ होतं. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते. ती जागा म्हणजे वाकून बघणाऱ्याचा चेहरा. टॉवेल काय थांबवणार?

आणि गार पाणी? तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) ते लागलं तर हेड वाकतं, तडकतं, त्याच्याखालची गळती थांबवणारी पट्टी, म्हणजे गॅस्केट, जातं. कुठल्याही गाडीचं मॅन्युअल काढा, इंजिन गरम असताना झाकण उघडू नका हा इशारा त्यात असतोच. ग्लोव्ह बॉक्समध्ये ते पुस्तक पडून असतं आणि आपण फोनवर विश्वास ठेवतो.

करायचं ते असं: एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण, सुरक्षित जागा दिसताच बाजूला घेऊन इंजिन बंद. (हीटरचं मेसेजमध्येही आहे आणि ते बरोबर आहे, तो इंजिनची उष्णता आत ओढून घेतो.) वाफ दिसत असेल तर बॉनेटलाही हात लावू नका. इंजिन पूर्ण गार व्हायला अर्ध्या तासाहूनही जास्त लागू शकतो. कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीची पातळी बाहेरूनच दिसते. काही गाड्यांत ती टाकीही दाबाखाली असते, तेव्हा तिचं झाकणही गार झाल्यावरच.

'कूलंट म्हणजे लूट, साधं पाणी पुरतं.' नाइलाजाने मान्य करतो: उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी सरस आहे आणि वाटेत अडकलात तर इंजिन गार झाल्यावर पाणी भरून गॅरेजपर्यंत जाता येतं. पण रोज तेच वापरलं तर गंज चढतो, क्षार साठतात, रेडिएटरच्या नळ्या बुजतात. मग काटा लाल रेषेवर जातो आणि पुन्हा पहिलं गुपित!

'ऑइल काळं झालं की बदला.' काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, ते काळं होणारच. किलोमीटर आणि महिने बघा.

'उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवा.' उलट आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आकडा लिहिलेला असतो, टायर गार असताना तेवढीच हवा भरायची.

ताई, बाटल्या राहू देत, टॉवेल मी काढून घेतलाय. तो मेसेज जिथे जिथे पाठवलास तिथे हेही पाठव.