कडे सापडणे योगायोगाचे, निष्कर्ष नव्हे

सप्रेम नमस्कार. स्थलांतरित पक्ष्यांवरील माझ्या लेखाविषयी आपले दोन आक्षेप आहेत. अभ्यासासाठी पक्ष्याच्या पायात घातलेले क्रमांकाचे कडे कुणाला तरी सापडणे हा निव्वळ योगायोग असून त्यातून पक्षी कुठे जातात यापेक्षा ते कळवणारी माणसे कुठे राहतात हेच समजते, हा पहिला; आणि उपग्रहाशी जोडलेले ट्रान्समीटर असताना कडी घालत बसणे कालबाह्य आहे, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य आहे. मे 1911 मध्ये इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये कडे घातलेली भिंगरी डिसेंबर 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात एका शेतघरात सापडली; ती वाटेत सहारात मेली असती, तर तिचा थांगपत्ता कुणालाही लागला नसता. परंतु नमुना, म्हणजे हाती आलेल्या नोंदी, कोणत्या बाजूला झुकलेला आहे हे ठाऊक असले, की प्रश्नच अशा बेताने मांडता येतो की त्या झुकावाने उत्तर बिघडू नये.

डच पक्षिशास्त्रज्ञ पेर्डेक यांचा 1958 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. शरद ऋतूत पश्चिमेकडे निघालेले स्टार्लिंग (आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या भोरड्यांचे भाऊबंद) हेगजवळ पकडून, अकरा हजारांहून अधिक पक्ष्यांना कडी घालून, विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडले गेले. त्यांपैकी 354 पक्ष्यांची खबर पुढे मिळाली. प्रौढ पक्षी वायव्येकडे वळून आपल्या नेहमीच्या हिवाळी मुलखाच्या रोखाने गेले होते, तर आयुष्यात प्रथमच निघालेले तरुण पक्षी जुनीच दिशा धरून दक्षिण फ्रान्स आणि स्पेनमध्ये उतरले होते. ही कडीही योगायोगानेच हाती लागली. पण फ्रान्समधला शिकारी पक्ष्याचे वय पाहून पत्र टाकायचे की नाही हे ठरवत नव्हता. माणसांच्या वस्तीचा आणि साक्षरतेचा परिणाम दोन्ही गटांवर सारखाच होत असल्यामुळे त्यांच्यातला फरक पक्ष्यांचाच मानावा लागतो. दिशा उपजत असते, मुक्काम मात्र अनुभवाने कळतो, हे यातून दिसले.

ट्रान्समीटरचे मोल मी नाकारत नाही. 2013 पासून नागालँडमधून सोडलेल्या अमूर ससाण्यांचा अरबी समुद्रावरचा प्रवास त्यांच्यामुळेच दिसला. मात्र यंत्राचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या 3 ते 5 टक्क्यांपलीकडे जाऊ नये असा संकेत आहे. भिंगरी जेमतेम वीस ग्रॅमची, म्हणजे तिच्या वाट्याला फार तर एक ग्रॅम येतो. अ‍ॅल्युमिनियमचे कडे ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याहूनही हलके असते आणि त्याला बॅटरी लागत नाही. प्रशांत महासागरातील मिडवे बेटावर 1956 मध्ये कडे घातलेली 'विज्डम' नावाची अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याची मादी 2024 मध्येही अंडे घालताना दिसली. मधल्या काळात तिची झिजलेली कडी बदलावी लागली, तरी नोंदीची साखळी तुटली नाही. इतकी वर्षे चालणारा ट्रान्समीटर मला तरी माहीत नाही.

आपल्याकडील कड्यांवर बहुधा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवण्याची सूचना असते. असा पक्षी दिसल्यास क्रमांक, तारीख आणि ठिकाण कळवावे. पक्षी जिवंत असल्यास कडे काढू नये.