नायसिया, पक्या आणि चार कटिंग

पोप तुर्कस्तानातल्या इझनिकला, म्हणजे जुन्या नायसियाला जाऊन आले, त्याचे फोटो पक्याने दुपारीच ग्रुपवर टाकले होते. त्यामुळे संध्याकाळी पापडी गावातल्या कट्ट्यावर काय होणार, ते ठरलेलंच होतं.

"याच गावात," चहा यायच्या आधीच पक्या सुटला, "325 साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने बिशप गोळा केले, मतदान घेतलं आणि बायबल बनवलं. नको ती पुस्तकं जाळली. सगळं सेटिंग!"

पक्याचा अभ्यास म्हणजे जेवताना बघितलेले व्हिडिओ. ज्योने बिस्किट बुडवून शांतपणे खाल्लं. "नायसियाच्या त्या सभेचे वीस नियम आहेत. त्यात पुस्तकांच्या यादीचा एक दाखव, वर्षभर चहा माझा."

"मग जमले कशाला?"

"एरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता, पुत्र, म्हणजे येशू, हा निर्माण केलेला, पित्याच्या बरोबरीचा नाही. भांडण ते. शिवाय ईस्टर कधी पाळायचा ते. नव्या कराराची आजची 27 पुस्तकं, तेवढीच, बिशप अथानासियसच्या पत्रात पहिल्यांदा सापडतात, 367 साली. तुझा राजा जाऊन तीस वर्षं झालेली."

"म्हणजे तोवर कोऱ्या वह्या?"

"पौलाची पत्रं पहिल्या शतकातली आहेत, बाबा. दुसऱ्या शतकात रोममध्ये मार्सियन नावाचा ख्रिस्ती शिक्षक म्हणाला, मला लूकचं शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रं पुरेत. चर्चने त्याला हाकलला. पण शेजाऱ्याने कुंपण घातलं की आपल्यालाही हद्द आठवते, तसं चर्चलाही आपली यादी ठरवावीशी वाटली."

विन्याला लडाख आठवलं. "आणि तिथल्या हेमिसच्या मठातली, येशू भारतात आला होता सांगणारी पोथी?"

"ती बघितल्याचा दावा करणाऱ्या रशियन नोटोविचचं पुस्तक 1894चं. पुढच्याच वर्षी आग्र्याचा प्राध्यापक मठात गेला, तर लामा म्हणाले असली पोथीच नाही. तू जाऊन आलास ना? फोटो तर सगळे बुलेटचेच."

आल्बर्ट अंकल खूश. "शाब्बास पोरा!"

"थांबा अंकल. सिनाय आणि व्हॅटिकनच्या चौथ्या शतकातल्या बायबलच्या प्रतींत मार्कचं शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर संपतं. कबर रिकामी, बायका घाबरून पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत. पुढची बारा वचनं तिथे नाहीतच."

अंकलचा चेहरा पडला. "फादरना माहितेय हे?"

"त्यांनीच तळटीप दाखवली."

तेवढ्यात पक्या, "बोलल्याच नाहीत, तर मार्कला कळलं कसं?"

ज्यो पहिल्यांदाच अडकला. अंकल मात्र तयार होते. "त्या बँकवालीने तुला नाही म्हटलं, तेही तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पापडीला कळलं कसं?"

विन्याच्या नाकातून चहा आला. "अंकल, तो विषय बंद ठरला होता ना!" पक्या ओरडत होता, पण ऐकतंय कोण?