सगळी अभयारण्यं राष्ट्रीय उद्यानं करायची?

निसर्गप्रेमींच्या गटांत एक मागणी सतत फिरते आहे. अभयारण्य हा दुय्यम दर्जा, राष्ट्रीय उद्यान हा सर्वोच्च. म्हणून सगळ्या अभयारण्यांना वरचा दर्जा द्या, माणसं-गुरं बाहेर काढा, निसर्ग आपोआप सावरेल. मागणीमागची कळकळ खरी आहे, पण मुद्दे टिकत नाहीत.

आधी 'सर्वोच्च' हा शब्द. 1972च्या वन्यजीव कायद्यात या दोहोंतला मुख्य फरक हक्कांचा आहे. राष्ट्रीय उद्यानात चराईला पूर्ण बंदी असते. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवता येतात. आययूसीएन ही जागतिक संस्था संरक्षित क्षेत्रांचे प्रकार पाडते तेही उद्देशावरून, नावावरून नाही, आणि त्यांत चढती-उतरती भाजणी लावत नाही. इंग्लंडमधल्या 'राष्ट्रीय उद्यानां'त गावं, शेतं, मेंढ्यांचे कळप आहेत. ती माणसाच्या वावरातून घडलेल्या भूप्रदेशांच्या पाचव्या प्रकारात मोडतात, आपली बहुतेक निसर्गव्यवस्था राखण्यासाठीच्या दुसऱ्यात. नाव तेच, वस्तू वेगळी.

आता 'गुरं काढली की निसर्ग सावरतो'. राजस्थानातल्या भरतपूरला नेमकं हेच करून पाहिलं गेलं. केवलादेव पक्षी अभयारण्याचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1982मध्ये म्हशींची चराई बंद झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. म्हशी गेल्यावर पास्पालम नावाचं पाणगवत बेफाम माजलं. तोवर म्हशीच ते खाऊन आटोक्यात ठेवत होत्या. उघडं पाणी झाकलं गेलं, पाणपक्ष्यांना चरायला जागा उरेना. मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) तिथं दहा वर्षं अभ्यास केला आणि चराईबंदीने पाणथळीचं नुकसान झालं असा निष्कर्ष काढला. ज्या संस्थेला आधी म्हशींचा अडथळा वाटत होता तिच्याच अभ्यासातून हे बाहेर आलं, याला मी फार मोल देतो. शेवटी गवत कापायला गावकऱ्यांनाच आत घ्यावं लागलं.

'जितकं मोठं क्षेत्र, तितकं संरक्षण' हेही सरसकट खरं नाही. आपलं माळढोक अभयारण्य 1979मध्ये सोलापूर-नगर पट्ट्यात तब्बल 8496 चौ. किमीवर आखलं गेलं. त्यात शेतं आली, रस्ते आले, अख्खी गावं आली. जमिनीचे व्यवहार अडले, साधी कामं परवानग्यांत अडकली आणि लोकांचा राग त्या बिचाऱ्या पक्ष्यावर निघाला. पुढे क्षेत्र घटवून सुमारे 1222 चौ. किमीवर आणलं. तोवर माळढोक बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

वाघिणीला पिल्लं वाढवायला निर्धोक गाभा लागतो. तिथं कडक दर्जा हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण माळरानाला, पाणथळीला तोच साचा कशाला? 2002च्या दुरुस्तीने कायद्यात संवर्धन राखीव (सरकारी जमिनीवर, स्थानिकांशी बोलून) आणि समुदाय राखीव (गावाच्या किंवा खासगी जमिनीवर, लोकांच्या पुढाकाराने) हे दोन प्रकार आले आहेत. तिलारी, आंबोली-दोडामार्ग ही आपल्याकडची संवर्धन राखीव क्षेत्रं.

मागायचंच असेल तर हे मागूया: प्रत्येक अधिसूचनेत ही जागा कोणासाठी राखली आहे ते स्पष्ट लिहावं. माळ असेल तर वृक्षारोपण नको, कारण झाडं वाढली की माळढोकाचं घर जातं. चराई किती, कोणत्या महिन्यांत, विणीच्या काळात कुठे बंद, हे तिथल्या धनगरांना विचारून ठरवावं आणि दर काही वर्षांनी पक्षी मोजून तपासावं.