मिठाच्या पाण्याने भाजीच्या पेशींतील कीटकनाशक ‘ओढले’ जात नाही

चतुर्थीची माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची सजावट) आणि भाजी यांची खरेदी सुरू झाल्यापासून गोव्यातील फोंडा, म्हापसा भागातील व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे: भाजी तासभर मिठाच्या पाण्यात ठेवल्यास परासरणामुळे पेशींतील सगळे कीटकनाशक बाहेर येते आणि खाली जमणारे पाणी हेच ते विष असते.

परासरणात पेशीपटलातून सरकते ते मुख्यतः पाणी, तेही कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडे. त्यासाठी पटलात ॲक्वापोरिन नावाची प्रथिने असतात. पीटर ॲग्रे यांनी ती उजेडात आणली आणि 2003 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या वाटा इतक्या अरुंद असतात की पाण्याचे रेणू एकामागोमाग एक जातात, त्यामुळे कीटकनाशकाचा मोठा रेणू त्यांतून पाण्यासोबत वाहून येण्याचा प्रश्नच नाही.

परसात कधीही फवारणी न केलेल्या वेलीच्या काकडीच्या चकत्यांना मी जाडे मीठ लावून पाहिले. पंधरा मिनिटांत ताटलीत पाणी साचले आणि चकत्या लुळ्या पडल्या. तिथे विष नव्हतेच. होता तो काकडीचाच रस. (कोशिंबिरीला पाणी सुटते ते असेच.)

मिठाच्या पाण्याने सालीवरची माती आणि काही अवशेष निघतात, हे खरे. मात्र मुळांतून शोषली जाऊन झाडभर पसरणारी औषधे धुण्याने निघत नाहीत. भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी, आणि कृपया तो संदेश पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.