वाफ द्या तिला

पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडी बंद पडणं ही काही बातमी नव्हे. पण माझी बंद पडली ती आधी दोनदा 'फुस्स' असा दिमाखदार आवाज काढून, चार माना वळवून झाल्यावर. शेजारच्या रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढलं, बॉनेटकडे सहानुभूतीने बघितलं आणि म्हणाला, "मघापासनं शिंकतीय साहेब. वाफ द्या तिला." मागच्या सीटवरची आजीसुद्धा हसली. यावर उत्तर मला दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचलं, आणि तेही धड नव्हतं.

गाडी पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटर, टर्बो, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती. कंपनी चेक असली तरी ऑक्टाव्हिया इथे जुळायची ती तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याला. त्यामुळे तिच्याशी मराठीत भांडायला मला संकोच वाटत नाही. हवेचा कोन फिल्टर आणि जाडा एक्झॉस्ट ही आधीच्या मालकाची पापं. शिंकणारा डंप व्हॉल्व्ह, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला की टर्बोने दाबलेली हवा बाहेर सोडणारी झडप, हे माझं.

दुखणं असं: गार असताना ठणठणीत. इंजिन तापलं की आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि पाय ॲक्सिलरेटरवर नसताना, रेस वर-खाली, आरपीएम ६५० ते १०५०. चालत्या गाडीला पिकअप झकास, पण ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबला की आरपीएम खड्ड्यात, कधी कधी थेट बंद. तीन ठिकाणी दाखवली. पहिला म्हणाला कॉइल, दुसरा म्हणाला ऑक्सिजन सेन्सर. तिसऱ्याने चालू इंजिनवर आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरचा, म्हणजे मॅफचा, प्लग उपटला, गाडी लगेच शांत झाली, आणि त्याने विजयी मुद्रेने सांगितलं, "मॅफ गेला." मी नवा मॅफ घातला. गाडी तशीच. जुना मॅफ आता माझ्याकडे कपाटात आहे, कोणाला हवा असल्यास.

प्लग काढल्यावर गाडी का सुधारली, हे मला फार नंतर, म्हणजे पैसे गेल्यावर कळलं. मॅफ काढला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हवेचा हिशेब थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) किती उघडलंय आणि आरपीएम किती यावरून करतो. हवा जर मॅफच्या पुढे आणि थ्रॉटलच्या आधी चोरून शिरत असेल, तर मॅफला ती दिसत नाही, पण थ्रॉटलमधून ती जातेच. म्हणजे अंदाज बरोबर येतो आणि मोजमाप चुकतं. दोष मोजणाऱ्याचा नसतो, त्याच्या पाठीमागून आत येणाऱ्याचा असतो. आपल्याकडे शिक्षा मात्र मोजणाऱ्यालाच होते.

शेवटी रविवारी लॅपटॉप घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसलो. व्हीसीडीएस, म्हणजे ईसीयूतली माहिती वाचणारं सॉफ्टवेअर, लावलं. इंजिन ८० अंशांच्या वर, एसी बंद, दिवे बंद. आणि मुख्य म्हणजे बिघाडाचे कोड पुसण्याआधी सगळं लिहून घेतलं. कोड पुसले की ईसीयूने शिकलेले ट्रिमही, म्हणजे पेट्रोल किती कमी-जास्त सोडायचं याच्या दुरुस्त्याही, पुसले जातात, मग पुरावा जाळून पंचनामा करण्यासारखं होतं. कोड होता १७५४४: आयडलचं मिश्रण फार पातळ. व्हीसीडीएसच्या ब्लॉक ०३२ मध्ये या ट्रिमचे दोन आकडे असतात, अधिक म्हणजे पेट्रोल वाढवावं लागतंय. पहिला आयडलचा, बेरजेचा. दुसरा चालत्या गाडीचा, गुणाकाराचा. माझ्याकडे पहिला +१०.२, दुसरा +१.६. ब्लॉक ००२ मध्ये हवा सेकंदाला १.७ ग्रॅम, जी या इंजिनाला आयडलवर साधारण २ ते ४ हवी.

ही जोडी वाचता आली की निम्मं काम होतं. गळती ठरावीक असते. कपभर चहात चमचाभर पाणी पडलं तर तोंड वाकडं होतं, घागरीत पडलं तर कळतही नाही. आयडल म्हणजे कप, २५०० आरपीएम म्हणजे घागर. पहिला आकडा मोठा, दुसरा शून्याजवळ: हवा चोरून शिरतेय. उलटं असतं, वर जाल तसा आकडा वाढत गेला असता, तर मळलेला मॅफ, चोंदलेला पेट्रोल फिल्टर किंवा दमलेला पेट्रोल पंप बघायचा. दोन्ही आकडे वजा असते तर गळका इंजेक्टर.

मग प्रेशर टेस्ट. टर्बोच्या तोंडाला टोपण, टोपणाला ट्यूबचा व्हॉल्व्ह, पायपंपाने अर्धा बार, त्याहून जास्त नाही. आणि आधी ब्रीदरची नळी चिमट्याने दाबून ठेवायची, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, शिरून ऑइल सीलांना उगाच त्रास. दोन तास साबणाचं पाणी शिंपडलं. एक बुडबुडा नाही.

इथे तबलावाले काका आले.

काका दुसऱ्या मजल्यावर राहतात, पंच्याहत्तरीचे आहेत, आणि त्यांना आयुष्यात गाडी चालवता आलेली नाही. मी पाइप जोडून इंजिन चालू केलं तसे ते पिशवीसकट थबकले. पिशवीत कोथिंबीर होती. डोळे मिटले आणि बॉनेटच्या कडेवर बोटं पडायला लागली.

"रूपक," ते म्हणाले.

"काय, काका?"

"सात मात्रा. ऐक. ती ती ना, धी ना, धी ना. आणि परत खाली. बरोबर सातव्यानंतर पडतोय."

"काका, याला हंटिंग म्हणतात. मिश्रणाचा प्रॉब्लेम आहे."

"असेल. पण लयीत आहे. रूपकात गंमत काय असते माहितीय? सम असते ना, तीच खाली. इतर तालांत समेवर जोर, इथे समेवर हात मोकळा. तुझ्या गाडीचं तेच झालंय. जिथं ठासून यायला पाहिजे, तिथंच बया हात सोडते."

मला राग आला. एक तर माझी पाठ मोडली होती. दुसरं म्हणजे त्यांनी बॉनेटवर एक तिहाई वाजवली, आणि रंग ताजा होता. पण चिडून आत बघताना लक्षात आलं की माणूस फुकटात मोठी गोष्ट सांगून गेलाय. कॉइल किंवा प्लगचं मिसिंग बेताल असतं, कधीही ठेचकाळतं. इतक्या नियमाने वर-खाली होतंय म्हणजे काहीतरी एकमेकांचा पाठलाग करतंय. तीन गॅरेजवाल्यांपैकी एकानेही दोन मिनिटं उभं राहून ऐकलं नव्हतं. ऐकण्याचे पैसे लावता येत नाहीत, कॉइलचे लावता येतात.

"धूर करून बघ," काका जाता जाता म्हणाले. "आमच्याकडे खोलीत वारा कुठून येतो ते उदबत्तीनंच कळतं. तबल्याला वारा लागलेला चालत नाही."

आणि वर जाऊन ते खरंच उदबत्ती घेऊन आले. मोगरा.

आता हे करताना पेट्रोलचा वास येत नाही ना, कुठली फ्युएल लाइन ओली नाही ना, हे आधी बघायचं. शंका असली तर उदबत्ती देव्हाऱ्यात ठेवायची आणि धुराच्या मशीनवाल्याकडे जायचं. कार्ब क्लीनरचा फवारा मारणारे तापलेल्या टर्बोशेजारी काय करतात, ते त्यांचं त्यांना माहीत. मी उदबत्ती एकेका जोडाजवळ सावकाश फिरवत होतो. वॉचमनने लांबून हात जोडले. तळमजल्यावरच्या वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "अय्या, नवीन घेतली? पेढे कुठायत?" मी काय उत्तर देणार. इंटरकूलर, काही नाही. थ्रॉटलची नळी, काही नाही. डंप व्हॉल्व्हच्या तोंडाशी आलो आणि धुराची रेघ सरळ आत वळली. मग सुटली. मग परत वळली. सात मात्रांनी.

म्हणजे माझं पाप. आयडलला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे थ्रॉटल आणि सिलिंडरांमधल्या नळ्यांत, वातावरणापेक्षा ०.६ ते ०.७ बार कमी दाब असतो, आणि हाच व्हॅक्युम डंप व्हॉल्व्हला ओढून उघडतो. माझ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग इतकी मऊ की तेवढ्यानेच तो किलकिला व्हायचा. बाहेरची न मोजलेली हवा आत, मिश्रण पातळ, आरपीएम खाली. आरपीएम पडले की व्हॅक्युम कमी, व्हॉल्व्ह बंद, आरपीएम वर, व्हॅक्युम वाढला, पुन्हा किलकिला. प्रेशर टेस्टमध्ये व्हॅक्युमच नसतो, स्प्रिंग त्याला दाबून धरते, म्हणून बुडबुडा नाही. दोन तास मी निरपराध पाइपांना साबण लावत होतो.

आणि ती शिंक? मॅफने मोजलेली, जिच्या हिशेबाने पेट्रोल सोडलेलं आहे ती हवा गिअर बदलताना रस्त्यावर फेकल्याचा आवाज. हवा गेली, पेट्रोल राहिलं, मिश्रण घट्ट, इंजिन गुदमरलं. मूळ व्हॉल्व्ह हीच हवा मुकाट्याने मॅफच्या पुढच्या पाइपात परत सोडतो. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "बोल्ट लावा आणि जा, सेटिंग काही नाही." सेटिंग नाही हे खरंच. स्प्रिंग बदलून आयडल सुधारेल, पण फेकलेली हवा कुठली स्प्रिंग परत आणणार? मॅफवाल्या गाडीला हा व्हॉल्व्ह मानवतच नाही, एवढं एक वाक्य डब्यावर छापायला किती शाई लागते?

जुना व्हॉल्व्ह नव्या क्लॅम्पांनी परत लावला. कोड पुसले. इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून थ्रॉटलचं ॲडॅप्टेशन, म्हणजे ईसीयूला थ्रॉटलची नव्याने ओळख: इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलला ब्लॉक ०६०, केबलवाल्याला ०९८. बॅटरी अशक्त असेल तर ते अर्ध्यात सोडतं, म्हणून आधी चार्ज करा. ३० किलोमीटर फिरवून आणली. पहिला आकडा +०.९. दुसरा +१.६ होता तिथेच, ती कोन फिल्टरची देणगी दिसते, तिच्याकडे पुढच्या रविवारी बघतो.

काका जिन्यात भेटले. मी इंजिन ऐकवलं. दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "काहीच नाही वाजत आता." ही तक्रार होती की दाद, ते विचारायचं मला धैर्य झालं नाही.

आज मुद्दाम त्याच वेळी नळ स्टॉपला गेलो. काचा खाली, सुई ८०० वर खिळलेली, पूर्ण लाल दिवा संपेपर्यंत हलली नाही. डावीकडे टेम्पो होता, उजवीकडे स्कूटरवर एक मुलगी. तो रिक्षावाला काही दिसला नाही.