छत्री कुणासाठी?

मे महिन्यात बागेत माझं एकच काम असतं, पाणी घालायचं. 2025 साली पावसाने तेही काढून घेतलं. पुण्यातला वळीव कसा, चार वाजता धूळ उडवत येणार, अर्धा तास धिंगाणा घालून जाणार. त्या वर्षी तो मुक्कामालाच आला. वर 26 मेला मोसमी पाऊसही दाखल. मृगाला अजून दहा-बारा दिवस होते. आईच्या कुरडयांचा पुन्हा चीक झाला. मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आधीच तपकिरी पडल्या.

मधुमालतीच्या वेलात बुलबुलाचं घरटं होतं. वाटीएवढं, आत लालसर ठिपक्यांची तीन अंडी. वादळात वेल झोके घ्यायला लागला तसा मला पुळका आला. छत्री उघडून नाडीने वेलावर बांधली (नाडी कशाची, ते विचारू नका). बुलबुलबाईंनी टाळूवर चोच मारून आभार मानले. तेवढ्यात वारा फिरला, छत्री उलटी झाली आणि गोळा झालेलं सगळं पाणी नेमकं घरट्यावर! बाई हलल्या नाहीत. चोचीवरून थेंब गळत होते, पण पंख पसरून बसल्या होत्या.

"अहो, त्यांना त्यांचं कळतं," बायको आतून म्हणाली.

मग गोगलगाई आल्या. या मूळच्या आफ्रिकेतल्या. 1847 मध्ये एका हौशी साहेबाने कोलकात्यात आणून सोडल्या. माझ्या झेंडूपर्यंत पोचायला त्यांना पावणेदोनशे वर्षं लागली, म्हणून मी गाफील राहिलो. मीठ टाकावं तर झाडंही जाणार. रात्री बॅटरी दातांत धरून, हातमोजे घालून बादलीत त्रेचाळीस वेचल्या, वर ताट झाकलं. सकाळी ताट तिरकं आणि बादलीत सातच. उरलेल्या छत्तीस जणी अळूवर न्याहारीला.

एवढ्यात कुंपणावर भारद्वाज उतरला. आईने लगेच हात जोडले, "शुभ असतो हो!" त्याने एक गोगलगाय उचलली, दगडावर आपटली, खाल्ली. मीही मनोभावे हात जोडले. त्याने चोच पुसली, मान वाकडी केली आणि लाल डोळ्याने सावकाश मधुमालतीकडे पाहिलं.

भारद्वाज अंडीही खातो. मी छत्री घेऊन धावलो.